कोरियन मालिकेतला कुठला प्रसंग थेट तुमच्या घरातला निघाला?

सायली_घरून
काल आमच्या मजल्यावरचे काका गेले. त्यांचा मुलगा आल्यागेल्याला खुर्च्या देत होता, कुणाशी तरी हसून बोललाही, तर माझी लेक हळूच म्हणते, आई याला काहीच वाटत नाही का गं? आणि मला एकदम रिप्लाय १९८८ चा दुसरा भाग आठवला. आजी वारलीय, नातवंडं रडवेली होऊन गावी पोचतात आणि बघतात तर वडील आणि आत्या पाहुण्यांना खाऊपिऊ घालतायत, हसतायत. मग अमेरिकेतून मोठा भाऊ उशिरा येतो आणि ती सगळी मोठी माणसं जी काही रडतात!

माझी आजी गेली तेव्हा मी नववीत होते. शेजारून पिठलं-भात आला होता आणि बाबा सगळ्यांना आग्रह करकरून वाढत होते, मला इतका राग आलेला की पुढे कितीतरी वर्षं तो गेला नाही. आईने नंतर सांगितलं, रात्री दोन वाजता बाबा आजीचं नऊवारी घेऊन बसले होते, घडी घालता येईना, घालायची आणि परत मोडायची. तो भाग बघितल्यावर मला बाबा कळले. लेकीला काल रात्री तोच लावून दिला.

तुम्हाला असा कुठला प्रसंग भेटला का? लिहा. आवडलं नसेल तेही लिहा.

मधली
अगं काय लिहिलंस, कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या माझ्या.
माझा त्याच मालिकेचा पहिला भाग. नायिका दोक-सनचा वाढदिवस बहिणीच्या केकवरच उरकतात, त्याच मेणबत्त्या परत लावून, आणि मग ती फुटते, मला पण अंडं आवडतं म्हणून. आम्ही तिघी बहिणी आणि मी मधली. मोठीला नवं, धाकटीला नवं, मला मोठीचं झालेलं. तिचे बाबा मग गल्लीत बसून म्हणतात ना, बाबाही जन्मतः बाबा नसतो, मीसुद्धा पहिल्यांदाच झालोय. थांबवून थांबवून तीनदा ऐकलं.

गोडामसाला
सगळं चांगलंच लिहायचं का? मला खरंच संताप येतो तो चौदाव्या भागाचा. कुठलीही सोळा भागांची मालिका घ्या, तेरापर्यंत सगळं सुरेख चाललेलं असतं आणि मग एक जण ठरवतो की तुझ्या भल्यासाठी मी तुला सोडून जातो. न विचारता! पंधरावा भाग रडण्यात, सोळाव्यात एकदम “एक वर्षानंतर”. आठवड्याला दोन भाग, आठ आठवडे भरायचे, आणि पूर्वी तर मालिका टीव्हीवर चालू असतानाच पुढचं शूटिंग चालायचं, त्यामुळे शेवटी लेखकांची दमछाक होणारच. पण प्रेम आहे तर विचारा की तिला. आणि ते मनगट धरून ओढत नेणं, ते जुन्या मालिकांत फार होतं, आता कमी झालंय, बरं झालं.

पाचपांढरी
+१ मनगटाला. आणि तो हिरोला उडवायला येणारा पांढरा ट्रक! हिरो रस्ता ओलांडायला लागला की मी उशी धरते.

अहोचं_अरे
मला भाषेबद्दल लिहायचंय. इंग्रजी सबटायटलमध्ये सगळेच यू, पण कोरियन ऐकलं की कळतं, आधी दोघं अहो-जाहोने बोलत असतात आणि एका भागात कुणीतरी विचारतं, आता अरे-तुरे करायचं का? तेवढ्या एका वाक्यावर त्यांच्याकडे अख्खा प्रसंग उभा राहतो आणि मराठी माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही. मी ह्यांना अकरा वर्षं अहो म्हणत होते. दवाखान्यात ऑपरेशननंतर हे डोळे उघडेनात तेव्हा तोंडातून निघालं “अरे ऊठ ना रे”. तेव्हापासून अरेच. आणि ते सारखं “जेवलास का?” विचारतात ना, तेही आपलंच.

सायली_घरून
@अहोचं_अरे, अंगावर काटा आला. आता बरे आहेत ना हे?

अहोचं_अरे
हो गं, आत्ता बाहेर गाडी धुतायत.

शेवटची_पंगत
व्हेन लाईफ गिव्हज यू टॅन्जरीन्स, २०२५ ची, जेजू बेटावरची. सासरी जेवणाच्या वेळी पुरुषांचं ताट वेगळं आणि बायका-मुलं बाजूच्या छोट्या टेबलाशी. नायक ग्वान-शिक काही बोलत नाही, भांडत नाही, नुसता जागच्या जागी वळतो, घरच्यांकडे पाठ करतो आणि बायकोसोबत जेवायला लागतो. बस. माझ्या आईने चाळीस वर्षं शेवटच्या पंगतीला जेवून काढली, भाजीचं पातेलं पोळीने पुसून. मी हा प्रसंग आईला फोनवर सांगितला तर ती गप्पच झाली आणि मग म्हणाली, तो मुलगा कोणाचा गं?

मधली
ई ई ई रडवलंस.

रात्रपाळी
माय मिस्टर, २०१८. नोकरी गेली होती तेव्हा बघितली. ती मुलगी ऑफिसमधून कॉफीच्या पुड्या चोरून नेते आणि रात्री अंधाऱ्या खोलीत एका कपात दोन पुड्या ओतून पिते, तेच तिचं जेवण. मी त्या दिवसांत बिस्किटाच्या पुड्यावर रात्र काढायचो आणि घरी सांगायचो जेवलो म्हणून. त्यात तिला कोणी वाचवत नाही, एक माणूस फक्त तिच्याशी नीट वागतो. तो साकारणारा ली सन-ग्युन २०२३ च्या डिसेंबरात गेला, तेव्हापासून परत लावायचा धीर झालेला नाही.

सायली_घरून
@रात्रपाळी, दादा, आता काम आहे ना? काही लागलं तर बोला इथे, नुसतं वाचून जाऊ नका.

रात्रपाळी
आहे ताई, दोन वर्षं झाली. बरं वाटलं विचारलंत.

नवखी_नाशिक
मी एकही बघितली नाहीये, कुठून सुरू करू? आणि किमची, ते कोबीचं आंबवलेलं लोणचं, घरी होते का? मुलगा मागे लागलाय.

पाचपांढरी
क्रॅश लँडिंग ऑन यू पासून कर, पॅराग्लायडिंग करता करता ती उत्तर कोरियात जाऊन पडते, त्यातल्या गावातल्या बायका बघच. शिवाय त्यातल्या नायक-नायिकेने खरंच २०२२ मध्ये लग्न केलं, मला घरचं कार्य असल्यासारखा आनंद झालेला.
किमची होते. चायनीज कोबी मिळाला तर उत्तम, नाहीतर आपला पानकोबी. मीठ लावून दोन-तीन तास ठेव, पाणी सुटेल ते धुऊन निथळून घे, मग लाल तिखट, लसूण, आलं, थोडी साखर. तिखट काश्मिरी घे, रंग येतो. बरणी गळ्यापर्यंत भरू नकोस.

शेवटची_पंगत
आणि झाकण रोज एकदा सैल कर, खाली ताटली ठेव. माझ्याकडे रात्रीत उतू जाऊन फ्रिजवरून लाल ओघळ आलेले.