टॅरिफला ‘जकात’ चालेल का?

छावणीकर (इंदूर): खाद्यतेलाच्या बाजारावरचं टिपण मराठीत करतोय. अडलेलं वाक्य असं: ‘टॅरिफ उतरलं तरी टॅरिफ व्हॅल्यू चढली, तर बंदरावरचा कर घटेलच असं नाही.’ पहिल्याला ‘जकात’ लिहिलं, दुसऱ्याचं काय करू?

सियागंज: जकात नको. ती गावाच्या नाक्यावरची. देशाच्या वेशीवर लागतं ते सीमाशुल्क. कायदाच ‘सीमाशुल्क अधिनियम, १९६२’ आहे. टॅरिफ व्हॅल्यू हा तर दरच नव्हे. कलम १४(२) खाली सरकार टनामागे डॉलरमध्ये एक किंमत ठरवतं आणि साधारण पंधरवड्याला ती बदलतं. बिलात भाव काहीही असो, कर त्या किमतीवर. ‘आधारकिंमत’ लिहा.

आकडा मांडून बघा. आधारकिंमत १,००० डॉलर आणि डॉलर ८५ रुपये धरला, तर टनाला ८५,००० रुपये. मूळ शुल्क १० टक्के, कृषी उपकर ५, या दोहोंच्या बेरजेवर १० टक्के अधिभार, मिळून १६.५. म्हणजे टनाला १४,०२५ रुपये, किलोला चौदा. कच्च्या खाद्यतेलाला हा दर मे २०२५ अखेर आला; सप्टेंबर २०२४ पासून तो २७.५ होता. रिफाइंडचा मात्र ३५.७५ वरच ठेवला, म्हणून कच्चं आणून इथे शुद्ध करणं परवडू लागलं.

मालवी मोगरा: ‘आधारकिंमत’ नको हो, शेतकरी हमीभाव समजेल. आणि ‘टॅरिफ’ला परका का म्हणायचं? अरबी ‘तअरीफ’, म्हणजे माहिती देणं, जाहीर करणं. तिथून इटालियन, मग इंग्रजी. आपली ‘तारीफ’ही त्याच शब्दातून आली.

राजवाडा: मग ‘जकात’सुद्धा अरबीच! परका असूनही मराठीत मुरलाय, तो का टाकायचा? फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय देणाऱ्या शिवकालीन राज्यव्यवहारकोशाची परंपरा सांगणाऱ्यांनी निदान ‘प्रशुल्क’ तरी लिहावं.

सियागंज: १९७५ चा कायदा सरकारी हिंदीतसुद्धा ‘सीमाशुल्क टैरिफ अधिनियम’च आहे. ‘प्रशुल्क’ मंडीत कोणी बोलत नाही. तिथे ‘ड्यूटी’ म्हणतात, आणि नेमका प्रश्न विचारतात: माल बाँडमध्ये, म्हणजे ड्यूटी भरण्याआधी ठेवायच्या गोदामात, आहे की ड्यूटी भरून सुटलाय? बाँडच्या टाकीतून काढताना ज्या दिवशी कागद दाखल होतो, त्या दिवशीचा दर लागतो. ड्यूटी उतरायची कुणकुण लागली की माल टाकीतच पडून राहतो. भाषांतरात ‘आयातीच्या दिवशीचा दर’ लिहिलंत तर सगळा अर्थ उलटतो.

छावणीकर: पुढे इंडोनेशियाची ‘लेव्ही’ही आहे. तशीच ठेवू?

मालवी मोगरा: अजिबात नको! आपल्याकडे लेव्ही म्हणजे पूर्वी कारखान्याला सरकारला ठरल्या भावात द्यावी लागायची ती साखर. इंडोनेशियाची लेव्ही म्हणजे पामतेलाच्या निर्यातीवरची वसुली. ती निर्यातशुल्काहून वेगळी असते आणि पैसा तिथल्या बायोडिझेलच्या अनुदानाला जातो. ‘निर्यात-उपकर’ लिहा. २८ एप्रिल ते २३ मे २०२२ ला त्यांनी केली ती ‘निर्यातबंदी’. युक्रेनच्या युद्धाने सूर्यफूल तेल अडलेलं असतानाच ती आली. कर आणि बंदी एकाच शब्दात कोंबू नका.

राजवाडा: होळकर-शिंद्यांच्या दफ्तरांत मालावरच्या वसुलीला ‘सायर’ होतं. इंदूरच्या मराठीने तेच का वापरू नये?

सियागंज: सायरमध्ये जमीनमहसुलाबाहेरचं बरंच काही यायचं, राजवाडाभाऊ. एकटी वेशीवरची वसुली नव्हे.

राजवाडा: पण मार्गावरच्या मालाची वसुलीही त्यात यायचीच ना! नाहीतर हिंदीतली नाक्यावरची ‘चुंगी’ आहेच.

मालवी मोगरा: चुंगी म्हणजे मूळची मूठभर धान्याची वसुली ना?