मदत हवी आहे: कवळीचा गुलाबी रंग उडतोय

सासूबाईंची वरची पूर्ण कवळी, साध्या गुलाबी अ‍ॅक्रिलिकची, २ वर्षं जुनी. धातू कुठेच नाही. टाळूला बुरशी झाली म्हणून आधी क्लोरहेक्सिडीनमध्ये (जंतुनाशक द्रावण) ठेवायचो. त्याने तपकिरी डाग पडले, ते डेंटिस्टनी पॉलिश करून काढले. मग महिनाभर सोडियम हायपोक्लोराइटच्या (ब्लीचच्या) ०.५ टक्के द्रावणात रोज रात्रभर बुडवली. १० मिनिटंच ठेवायची असते, हे नंतर कळलं! आता हिरडीचा भाग पांढुरका दिसतो, दात मात्र जसेच्या तसे. उकळतं पाणी किंवा टूथपेस्ट कधीच वापरली नाही. बुरशी अजून आहे, त्यामुळे निर्जंतुक करणं थांबवता येत नाही. नवी कवळी सध्या परवडणार नाही.

हा पांढुरकेपणा पॉलिशने जाईल, की रंग आतपर्यंत उडालाय? आणि रोज १० मिनिटं हायपोक्लोराइट चालू ठेवलं तर आणखी उडेल का?