घरचं इंटरनेट बंद करायचंय : आधी काय, मग काय?

प्रेषक : प्राची

नमस्कार मंडळी,

इथे परदेशात महिनाअखेरीस घर बदलतोय. जुन्या घरी केबलचं इंटरनेट आहे आणि त्याच खात्यावर घरचा फोन. नव्या घरात दुसऱ्या कंपनीचं फायबर. जुन्या कराराचे चार महिने उरलेत. वेबसाइटवर प्लॅन वाढवायचं बटण तीन ठिकाणी आहे, बंद करायचं कुठेच नाही. फोन नंबर तोच ठेवायचा आहे. आधी जुनं बंद करावं की नवं सुरू होऊ द्यावं? आणि राऊटर परत करायची काय पद्धत?

प्राची

प्रेषक : शशिकांत

प्राची,

आधी नंबर, मग बाकीचं सगळं. नंबर पोर्ट होताना, म्हणजे तोच नंबर नव्या कंपनीकडे जाताना, जुनं कनेक्शन चालूच असावं लागतं. खातं बंद झालं की नंबर कंपनीच्या साठ्यात जातो आणि तिथून परत मिळेल याची खात्री कुणी देत नाही. म्हणून पोर्टिंगचा अर्ज नव्या कंपनीमार्फत कर. त्यात नाव, पत्ता आणि खाते क्रमांक जुन्या बिलावर जसे छापलेत तसेच्या तसे लिही. बिलावर नुसती आद्याक्षरं आणि अर्जात पूर्ण नाव, एवढ्यावरूनही अर्ज परत येतो. काही कंपन्या पोर्टिंगसाठी वेगळा पिन देतात. तो खात्याचा पासवर्ड नव्हे, मागून घ्यावा लागतो.

जुन्या कंपनीला एक प्रश्न आधीच विचार : नंबर गेला की फोनचाच भाग बंद होतो की अख्खं खातं? अख्खं बंद होणार असेल तर पोर्टिंगची तारीख हीच इंटरनेट जाण्याची तारीख. पोर्ट झाल्याचा निरोप आला तरी दुसऱ्या फोनवरून त्या नंबरवर रिंग देऊन बघ. नव्या लाइनवरून बाहेर फोन लागतात पण येणारे अजून जुन्या लाइनवर जातात, असं मधलं काही तास चालू शकतं.

केबल आणि फायबर या वेगळ्या तारा, शिवाय तुझी घरंही वेगळी. त्यामुळे आठवडाभर दोन्ही चालू ठेवायला अडचण नाही आणि ते पैसे वाया गेले असं समजू नकोस. फायबर जोडणारा माणूस ठरल्या दिवशी येतोच असं नाही. ज्यांना त्याच घरात, त्याच तारेवर कंपनी बदलायची आहे त्यांचं गणित उलटं. त्यांनी जुनी सेवा स्वतः बंद करू नये. जुन्या कंपनीचा 'लाइन सोडा' आणि नव्या कंपनीचा 'लाइन द्या' हे दोन आदेश एकमेकांवर आदळतात, नवा आदेश रद्द होतो आणि रांग पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

फोन कराल तेव्हा तो रिटेन्शन विभागाकडे जाणार, म्हणजे गिऱ्हाईक जाऊ न देणं हेच ज्यांचं काम आहे त्यांच्याकडे. एकच वाक्य ठेवायचं : 'अमुक तारखेपासून सेवा बंद करायची आहे, ऑफर नको, संदर्भ क्रमांक द्या.' नेटवर्क वाईट आहे असं म्हटलंत की तंत्रज्ञ पाठवतो म्हणतात, महाग आहे म्हटलंत की सवलत काढतात. कायमचे भारतात चाललोय म्हणून सांगावं, संभाषण तिथेच आटोपतं.

शशिकांत

प्रेषक : मीनल

शशिकाका, तुमचं बाकी सगळं मान्य, शेवटची युक्ती नको. देश सोडतोय म्हटलं की पुष्कळ कंपन्या पुरावा मागतात. शिवाय प्राचीकडे खरं कारणच जास्त उपयोगाचं आहे. नव्या पत्त्यावर जुनी कंपनी सेवा देऊ शकत नसेल तर अनेक करारांत दंड माफ किंवा कमी असतो. जर्मनीत तर अशा वेळी एक महिन्याची नोटीस देऊन करार मधेच संपवण्याचा कायदेशीर हक्क आहे. म्हणून प्राची, आधी त्यांच्याच संकेतस्थळावर नवा पत्ता टाकून बघ, 'सेवा उपलब्ध नाही' आलं की त्या पानाचा तारखेसकट स्क्रीनशॉट ठेव. उपलब्ध असेल तर मात्र ते कनेक्शन हलवून देऊ म्हणतील. तिथे 'हो' म्हणण्याआधी नीट ऐक, कारण हलवण्याबरोबर बऱ्याचदा नवा करार सुरू होतो.

करार नक्की कधी संपतो तेही तपास. मुदत ऑर्डर दिल्यापासून नाही, बहुधा सेवा सुरू झाल्यापासून मोजतात. मधे कधी 'फुकट स्पीड वाढवून देतो' किंवा 'नवा राऊटर देतो' याला होकार दिला असेल तर मुदत तिथून पुन्हा सुरू झालेली असू शकते. दंडाचेही दोन प्रकार असतात. एकात उरलेल्या महिन्यांचं सगळं भाडं मागतात, दुसऱ्यात दर महिन्याला कमी होत जाणारी रक्कम असते. पहिल्या प्रकारात चार महिने उरले असताना आज सोडलं काय आणि चार महिन्यांनी सोडलं काय, पैसे जवळपास तेवढेच.

तारीख निवडताना बिलाचं चक्र समोर ठेव. भाडं आगाऊ घेतात आणि उरलेल्या दिवसांचे पैसे परत देतीलच असं नाही. चक्र १२ तारखेला सुरू होत असेल तर १४ला बंद करणं म्हणजे दोन दिवसांसाठी महिन्याचं भाडं. नोटिशीचे दिवस तू पाठवल्यापासून नाही, त्यांना मिळाल्यापासून मोजतात. म्हणून टपालाने पाठवलीस तर पोच मिळेल अशीच पाठव.

आणि ऑटोपे आधी तोडू नकोस. कार्ड काढून टाकलं म्हणजे करार संपला असं होत नाही. बिल थकतं, वर विलंब शुल्क चढतं, पुढे वसुली कंपनीचं पत्र येतं आणि क्रेडिट इतिहासावर डाग राहतो. अंतिम बिल शून्य झालं की मग कार्ड काढ.

मीनल

प्रेषक : रोहन

राऊटरबद्दल.

परत द्यायच्या वस्तू भाड्याच्या यादीत असतात : मोडेम किंवा राऊटर, टीव्हीचा डबा असेल तर तो, वायफाय वाढवणारे जादा पॉड आणि प्रत्येकाचा अ‍ॅडॉप्टर. अ‍ॅडॉप्टरच सगळ्यात जास्त राहून जातो. फायबरवाल्यांनो, भिंतीवरचा ओएनटी म्हणजे जिथे काचेची तार येऊन संपते तो डबा. तो बहुधा घरातच राहतो, कंपनीने सांगितल्याशिवाय उपसू नका. ती तार अंगठ्याएवढ्या वळणात मुडपली तरी कामातून जाते आणि पुढच्या भाडेकरूच्या नावाने तुम्हाला फोन येतो.

डबा बंद करण्याआधी तळाच्या स्टिकरचा फोटो, सिरीयल नंबर आणि मॅक अ‍ॅड्रेस (नेटवर्कवर यंत्र ओळखायचा क्रमांक) दोन्ही वाचता येतील असा. बिलावरच्या सिरीयलशी तो जुळतो का बघा. तंत्रज्ञाने कधी जुना राऊटर बदलून दिला आणि खात्यावर नोंद केली नाही, की ज्या राऊटरचे पैसे मागतात तो तुमच्या घरी नसतोच. मग रीसेट, म्हणजे त्यातली तुमची माहिती पुसणं : चालू राऊटरच्या मागच्या बारीक भोकात पिन घालून १० ते ३० सेकंद दाबून धरा, दिवे विझून पुन्हा लागेपर्यंत. कंपनीचं लेबल लावून पाठवा, काउंटरवर ट्रॅकिंग क्रमांक असलेली पावती घ्या. पेटीत टाकून निघून आलं तर पावती नसते आणि राऊटर 'मिळाला नाही' ठरतो.

राऊटर तुम्ही स्वतः विकत घेतलेला असेल तर परत करू नका, आणि भाडंही भरू नका. अमेरिकेत २०२०च्या डिसेंबरपासून ग्राहकाच्या स्वतःच्या उपकरणाचं भाडं लावायला कायद्याने बंदी आहे.

नव्या राऊटरला जुनंच वायफाय नाव आणि जुनाच पासवर्ड द्या, अक्षरांच्या लहान-मोठेपणासकट. प्रिंटर, कॅमेरे, दिवे आपोआप जोडले जातात. तरी एखादं रुसलं तर सुरक्षेचा पर्याय बघा. नवे राऊटर कधी फक्त डब्ल्यूपीए३वर, म्हणजे वायफाय सुरक्षेच्या नव्या प्रकारावर, येतात, जुन्या वस्तूंना डब्ल्यूपीए२ लागतं. मिश्र पर्याय निवडला की चालतं. स्वस्त कॅमेऱ्यांना वायफायच्या वारंवारतांपैकी २.४ गिगाहर्ट्‌झच लागतं हेही लक्षात असू द्या.

रोहन

प्रेषक : प्राची

सगळ्यांचे आभार. फोन लागेना म्हणून चॅटवर बोलले. 'झालं, बंद करण्याची नोंद केली' असं लिहून आलं, ईमेल मात्र काहीच नाही. खात्यात पुढच्या महिन्याचं पूर्ण बिल दिसतंय. काय समजायचं?

प्रेषक : मीनल

नोंद झालेली नाही असंच समज. चॅटची खिडकी अजून उघडी असेल तर आत्ताच मजकूर जतन कर, बंद केलीस की पुष्कळ ठिकाणी तो पुन्हा दिसत नाही. मग लेखी पाठव : खाते क्रमांक, पत्ता, बंद करायची तारीख, चॅटची तारीख आणि वेळ, आणि 'कृपया लेखी पुष्टी व अंतिम बिलाची रक्कम कळवा'. चारच ओळी, गाऱ्हाणं नको. पुढचं बिल आपोआप तयार झालेलं असू शकतं, त्याची वजावट अंतिम बिलात होते. अंतिम बिलातही ते राहिलं आणि लेखी तक्रारीला उत्तर आलं नाही, तरच बँकेत व्यवहारावर हरकत घ्यायची. आधी हरकत घेतली तर कंपनी ती थकबाकी धरते.

इंटरनेट कंपनीने दिलेला ईमेल पत्ता कुठे वापरला असेल तर तोही आत्ताच बदल. खातं गेलं की तो पत्ता जातो आणि बँकेचे ओटीपी त्यावर येत असतील तर पंचाईत.

प्रेषक : अविनाश

देशादेशांत फरक आहे म्हणून थोडं. जर्मनीत १ जुलै २०२२पासून ऑनलाइन करार करू देणाऱ्या संकेतस्थळावर करार संपवण्याचं बटण असणं बंधनकारक आहे, ते नसेल तर ग्राहक नोटिशीविना कधीही करार संपवू शकतो. ब्रिटनमध्ये १२ सप्टेंबर २०२४पासून त्याच पत्त्यावर कंपनी बदलताना सगळं नव्या कंपनीने करायचं. देश सोडून निघालात तर मात्र फोन तुम्हालाच करावा लागतो. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकहित पाहणारी सरकारी संस्था) ऑक्टोबर २०२४ मध्ये सोप्या रद्दीकरणाचा नियम आणला होता, जुलै २०२५ मध्ये अपील न्यायालयाने तो रद्द केला. म्हणजे त्याच्या भरवशावर कुणी राहू नका. कॅलिफोर्नियात राज्याचा स्वतंत्र नियम आहे, ऑनलाइन घेतलेली आपोआप वाढणारी सेवा ऑनलाइनच बंद करता आली पाहिजे.

जे खरोखर भारतात परतत आहेत त्यांच्यासाठी : इथलं सिम आणि बँक खातं अंतिम बिल येईपर्यंत चालू ठेवा. सिम बंद केलं की खात्यात शिरायचा ओटीपी येत नाही. परताव्याचा चेक जुन्या पत्त्यावर निघतो, म्हणून पत्ता आधी बदला किंवा पैसे कार्डावर परत मागा. खातं नवऱ्याच्या नावावर आणि फोन बायको करतेय, तर आधी तिचं नाव अधिकृत व्यक्ती म्हणून घालून घ्या. नाहीतर बंद करणं सोडाच, खात्याबद्दल एक शब्द बोलत नाहीत.

अविनाश