डिप्रेशनला अँटिसायकोटिक गोळी : गरज की घाई?

नौपाडकर :
माझं मत आधीच सांगतो, घाई. वहिनी कोपरखैरण्यात राहतात. डिप्रेशनसाठी एस्सिटालोप्राम १० मिलीग्रॅम चालू होतं. महिन्याभरानंतर "फारसा फरक नाही" म्हणाल्या, तर डॉक्टरांनी डोस न वाढवता थेट ओलांझापाइन ही अँटिसायकोटिक गोळी (मुळात स्किझोफ्रेनियासारख्या आजारांसाठीची) जोडली. वजन केलं नाही, साखर तपासली नाही, घराण्यात मधुमेह आहे का तेही विचारलं नाही. (माहेरी सगळ्यांना आहे.) या गोळीने भूक खवळते, वजन, साखर, कोलेस्टेरॉल वाढतं, हे काही गुपित नाही. स्किझोफ्रेनियात ते सोसायला कारण असतं. इथे आधी डोस पुरा करा, थायरॉइड बघा, समुपदेशन करा. दिवसभर झोपून राहणाऱ्या बाईला "आता शांत आहे" म्हणणं घरच्यांना सोयीचं असतं, एवढंच. मी तर त्यांना गोळी बंद करा म्हणालोय.

ऐरोलीची मीनल :
असहमत. वहिनींच्या बाबतीत घाई झाली असेल, पण म्हणून औषधावरच फुली? माझी दोन अँटिडिप्रेसंट पुऱ्या डोसने घेऊन झाली होती. आंघोळीला उठणंसुद्धा जिवावर यायचं. मग अ‍ॅरिपिप्राझोल जोडलं, तेही अँटिसायकोटिकच, पण फक्त २ मिलीग्रॅम. काही आठवड्यांत मी आपणहून भाजी आणायला बाहेर पडले. अमेरिकेच्या औषध-नियामक एफडीएने या वापराला २००७ मध्येच मान्यता दिली आहे, हा कुणाचा घरगुती प्रयोग नाही.
आणि "आधी समुपदेशन" म्हणणाऱ्यांनी फी आणि वेळ मोजावी. दर आठवड्याला कामाच्या दिवशी तासभर, वर जाणं-येणं. रजा कोण देतं? गोळी परवडते म्हणून लोक गोळी घेतात.

नौपाडकर :
मान्यता आहे, पण फायदा किती? २०१७ ची अमेरिकन माजी सैनिकांवरची चाचणी घ्या, १,५२२ जण होते. पहिलं औषध पुरं न पडलेल्यांपैकी ज्यांना अ‍ॅरिपिप्राझोल जोडून दिलं, त्यातले १२ आठवड्यांत सुमारे २९ टक्के लक्षणमुक्त झाले. औषध बदलून ब्युप्रोपिऑन हे दुसरं अँटिडिप्रेसंट दिलं त्यातले २२ टक्के. ब्युप्रोपिऑन जोडून दिलं त्यातले २७. शंभरात सातांचा फरक, नाहीतर दोघांचा.

ऐरोलीची मीनल :
सात कमी, हे कुणी ठरवायचं? तक्ता वाचणाऱ्याने?

वाशीचा केमिस्ट :
काउंटरच्या या बाजूने सांगतो. क्वेटियापिन २५, हीही अँटिसायकोटिकच, निव्वळ झोपेसाठी मागायला लोक जुनी चिठ्ठी घेऊन येतात. नाही म्हटलं की पुढच्या दुकानात जातात.
थोडं अवांतर : अ‍ॅसिडिटीच्या कितीतरी कॅप्सुलांत लेव्होसल्पिराइड असतं, तेही याच घराण्यातलं. म्हाताऱ्यांचे हात थरथरतात, चाल मंदावते आणि सगळे वयाला दोष देतात. त्या कॅप्सूलवर धागा काढलेला मी अजून पाहिला नाही.

घोडबंदरचा मनोविकारतज्ज्ञ :
नौपाडकर, गोळी परस्पर बंद करायला सांगू नका. वहिनींना घेऊन डॉक्टरांकडे जा आणि वजन, साखर, लिपिड तपासायला सांगा.
तुमचा अर्धा मुद्दा बरोबर आहे. ओलांझापाइनला अमेरिकेत डिप्रेशनसाठी मान्यता मिळाली (२००९) ती फ्लुओक्सेटिनबरोबर, दोन औषधं अपुरी पडल्यानंतरच्या टप्प्यासाठी. १० मिलीग्रॅमवर महिना काढला म्हणजे औषध फसलं, असं होत नाही. पण पेशंटला "मी पापी आहे, घर माझ्यामुळे बुडालं" असे भ्रम होत असतील किंवा आवाज ऐकू येत असतील, तर सुरुवातीपासूनच अँटिडिप्रेसंट आणि अँटिसायकोटिक दोन्ही लागतात, नाहीतर शॉक ट्रीटमेंट. तिथे थांबणं महागात पडतं.
अ‍ॅरिपिप्राझोलने वजन त्या मानाने कमी वाढतं. त्याचा त्रास वेगळा : पाय एका जागी ठरत नाहीत, माणूस येरझाऱ्या घालतो. घरच्यांना वाटतं आजार वाढला, ते डोस वाढवून मागतात. खरं तर अशा वेळी बहुधा डोस कमी करावा लागतो. साठीपुढच्यांवरचा २०२३ चा अभ्यासही बघा. त्यात ब्युप्रोपिऑन जोडलेले लोक जास्त वेळा पडले, अ‍ॅरिपिप्राझोल जोडलेले कमी.
लिथियम हे मूड स्थिर ठेवणारं औषधही जोडता येतं. पण रक्ततपासण्या कराव्या लागतात, म्हणून पेशंटही टाळतात आणि आम्हीही.

नौपाडकर :
हे सगळं पाच मिनिटांच्या ओपीडीत कोण सांगतं?

घोडबंदरचा मनोविकारतज्ज्ञ :
फार थोडे. बाहेर चाळीस माणसं बसलेली असताना मीही दरवेळी सांगतो असं नाही.

सीवूड्सवासी :
ही गोळी किती दिवस घ्यायची, हे कुणीच बोललं नाही.

घोडबंदरचा मनोविकारतज्ज्ञ :
बऱ्याचशा चाचण्या सहा-आठ आठवड्यांच्याच आहेत. बरं वाटून काही महिने गेले की कमी करता येईल का, ते बघायला हवं. वर्षानुवर्षं घेतली तर तोंडाच्या, जिभेच्या आपोआप होणाऱ्या हालचाली मागे लागू शकतात, आणि गोळी सोडल्यावरही त्या जातीलच असं नाही.

नौपाडकर :
म्हणजे पुरावा आठवड्यांचा आणि चिठ्ठी वर्षांची. मी वेगळं काय म्हणत होतो?

ऐरोलीची मीनल :
माझी बंद झाली की. डॉक्टरांनीच हळूहळू कमी करत आणली. अँटिडिप्रेसंट अजून चालू आहे.