५५ इंची टीव्ही भिंतीवर: उंची किती, ब्रॅकेट कोणता आणि भिंत पेलेल का?

सरळरेघ

हॉलमध्ये ५५ इंची टीव्ही भिंतीवर लावायचा आहे. रुंदी १२३ सेंमी, उंची ७१ सेंमी, स्टँड सोडून वजन १७ किलो, मागच्या भोकांमधलं अंतर ३०० × ३०० मिमी. सोफा समोरच्या भिंतीला टेकलेला आहे. बसल्यावर डोळ्यांपासून टीव्हीच्या भिंतीपर्यंत २.८ मीटर आणि जमिनीपासून डोळ्यांपर्यंत १०५ सेंमी भरतात. खाली ४५ सेंमी उंचीचं युनिट येणार आहे. टीव्हीकडे तोंड करून बसलं की खिडकी डाव्या हाताला येते. जेवणाचं टेबल उजवीकडे आहे आणि तिथूनही नीट दिसावं अशी घरच्यांची मागणी आहे, म्हणून पुढे ओढून वळवता येणारा, ५० सेंमी हाताचा ब्रॅकेट बघतेय.

लावणारा म्हणतो, टीव्हीचा मध्य ५ फुटांवर घ्या, सगळे तिथेच घेतात. मला ते उंच वाटतं. दुसरं म्हणजे भिंत आतून कशाची आहे ते माहीत नाही. प्लास्टरसकट जाडी १५ सेंमी, ठोकलं की भद्द आवाज येतो. तिसरं, वायरी दिसायला नकोत. रंगकाम अजून व्हायचंय, त्यामुळे झिरी मारायला हरकत नाही.

ओळंबा

५ फूट हे माप उभ्या माणसाच्या नजरेचं आहे. टीव्ही बघणार बसून. मध्य १५२ सेंमीवर गेला की तो तुमच्या डोळ्यांच्या ४७ सेंमी वर येतो आणि वरची कड ८३ सेंमी वर. २.८ मीटरवरून त्या कडेकडे बघायला नजर साधारण १६ अंश वर न्यावी लागते. पाच मिनिटं काही वाटणार नाही, पण दोन तासांचा सिनेमा संपेतो मान बोलायला लागते. ब्रॅकेट वाकवून टीव्ही खाली झुकवला तरी मान खाली येत नाही हेही लक्षात घ्या. झुकवल्याने पडदा नजरेला काटकोनात येतो, रंग आणि काळेपणा सुधारतो, छताच्या दिव्याचं प्रतिबिंब सरकतं, एवढंच. व्हीए पॅनल (कोनातून बघितलं की रंग फिके पडणारा एक प्रकार) असेल तर हा फरक जास्त जाणवतो.

तुमच्या मापांत मध्य १०५ ते ११५ सेंमी ठेवा. १०५ घेतला तर खालची कड जवळपास ७० वर येते, म्हणजे ४५ च्या युनिटवर २५ सेंमी मोकळे राहतात. साउंडबार साधारण ६-७ सेंमीचा असतो, तो आरामात बसतो आणि रिमोटचा सेन्सरही झाकला जात नाही. घरात रेलून, पाय लांब करून बघायची सवय असेल तर ११५ बरं, कारण रेलल्यावर नजर आपोआप वर जाते. त्याच्या वर जायला मला कारण दिसत नाही.

आकार ठीक आहे. २.८ मीटरवरून ५५ इंची पडदा साधारण २५ अंशांत मावतो, ६५ इंची असता तर २९ झाले असते. सिनेमासाठी ३० च्या आसपास धरतात, म्हणजे फार मोठा होईल ही भीती सोडा. उलट ५५ इंचीत फोरके आणि फुल एचडीतला फरक सव्वादोन मीटरच्या पलीकडून साध्या नजरेला फारसा कळत नाही. सोफा भिंतीपासून थोडा पुढे ओढता आला तर फायदाच आहे.

भोकं पाडण्याआधी जुनी वर्तमानपत्रं जोडून १२३ × ७१ चा कागद करा, मास्किंग टेपने भिंतीवर लावा आणि दोन दिवस तसाच राहू द्या. सोफ्यावरून बघा, टेबलावरून बघा, संध्याकाळी दिवे लावून बघा. खिडकी बाजूला आहे हे उत्तम. समोर असती तर पडद्यात दिसली असती, टीव्हीमागे असती तर डोळे दिपले असते.

एक ठिकाण हमखास चुकतं. टीव्हीच्या मागची भोकं पडद्याच्या बरोबर मध्यावर असतीलच असं नाही, बऱ्याच टीव्हींत ती खाली सरकलेली असतात. म्हणून भिंतीवर १०५ ची खूण करून तिथे ब्रॅकेट ठोकू नका. आधी उभ्या पट्ट्या टीव्हीला लावा. पट्टीचा हूक भिंतीवरच्या आडव्या पट्टीवर जिथे बसतो तिथपासून टीव्हीच्या खालच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा. ते समजा ४८ आलं, तर ७० अधिक ४८, म्हणजे आडव्या पट्टीची वरची कड ११८ वर. वळणाऱ्या ब्रॅकेटला हूकऐवजी मधल्या चौकटीपासून माप घ्यायचं, पद्धत तीच.

गिट्टीवाला

उंचीबद्दल वर आलंच आहे, मी भिंतीचं सांगतो.

आधी भिंत कशाची ते बघा. टीव्हीमागे झाकलं जाईल अशा जागी ६ मिमीच्या बिटने, ड्रिलचा हॅमर (ठोके) बंद ठेवून एक भोक पाडा आणि भुकटी बघा. लाल आली तर वीट. करडी, बिट पुढेच सरकत नाही आणि हॅमर लावावाच लागतो, तर काँक्रीट. पांढुरकी, मऊ, आणि बिट सरसर आत, तर एएसी ब्लॉक (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटचा). थोडी पांढरी भुकटी येऊन बिट एकदम पोकळीत गेला तर जिप्सम बोर्ड किंवा पोकळ ब्लॉक. सुरुवातीचे १२ ते २० मिमी प्लास्टर असतं, त्यावरून काही ठरवू नका. स्विचबोर्डच्या थेट वर, खाली किंवा आडव्या रेषेत भोक नको, वायरी बहुतेक तिथूनच गेलेल्या असतात. भिंतीपलीकडे बाथरूम असेल तर पाइपही बघा. डिटेक्टर मिळाला तर फिरवून घ्या.

आता ब्रॅकेट. लोक पाकिटावर ‘४० किलोपर्यंत’ वाचून निश्चिंत होतात. तो आकडा ब्रॅकेटच्या लोखंडाचा असतो, तुमच्या भिंतीचा नव्हे. भिंतीला सपाट बसणाऱ्या ब्रॅकेटवर १७ किलोचा टीव्ही भिंतीपासून जेमतेम ५ सेंमीवर असतो. भिंतीवरच्या पट्टीची उंची २० सेंमी धरली तर वरच्या बोल्टांना बाहेर ओढणारा जोर १७ × ५ ÷ २०, म्हणजे ४ किलोच्या आसपास. तोच टीव्ही ५० सेंमीच्या हातावर पूर्ण बाहेर काढला की १७ × ५० ÷ २० होतं, साडेबेचाळीस किलो! वजन तेवढंच, ओढ दहापट. हाताचं स्वतःचं वजन यात धरलेलं नाही, आणि कोणी टीव्ही झटक्याने ओढला तर हा आकडाही पुरत नाही. गिट्टी (स्क्रूसाठी भोकात बसवायचा प्लग) खाली घसरून सुटत नाही, अशी बाहेर उपसली जाते.

म्हणून आधी हे ठरवा की वळवायचा किती. ४५ अंश वळवायचा तर अर्धी रुंदी, ६१ सेंमी, वळून मागे येते आणि भिंतीला न लागता फिरायला साधारण ४३ सेंमी जागा लागते. २० अंशच पुरणार असतील तर २१ सेंमीत काम होतं. टेबलावर बसून कागदाकडे बघा आणि कोन मोजा.

सरळरेघ

दोघांचेही आभार. कागद लावला, मध्य ११० वर सगळ्यांना पटला. टेबलावरून २० अंश पुरतात. भोकही पाडलं. १२ मिमी करडं प्लास्टर, मग पांढरी मऊ भुकटी आणि बिट लोण्यात गेल्यासारखा आत. म्हणजे एएसी ना? लावणारा म्हणतो, लोखंडी फास्टनर मारून देतो, हलणार नाही.

गिट्टीवाला

एएसीच. त्यात लोखंडी फास्टनर मारू देऊ नका, ताई. तो फुगून धरतो, काँक्रीटमध्ये ते योग्यच आहे. एएसी मऊ आणि सच्छिद्र. बोल्ट आवळत गेलं की भोवतालचा ब्लॉक चुरडतो, बोल्ट नुसता फिरत राहतो किंवा ब्लॉकला चीर जाते. आवळताना घट्ट वाटतं, ढिला पडतो नंतर.

५० चा हात सोडून २५-३० सेंमीचा घ्या. २५ ला तीच ओढ २१ किलोवर येते. मग ब्रॅकेट थेट भिंतीवर न लावता मागे १८ मिमी प्लायचा तुकडा द्या, ६० × ४५ सेंमीचा, टीव्हीमागे पूर्ण झाकला जातो. प्लायला वर चार आणि खाली चार स्क्रू. वरची रांग प्लायच्या खालच्या कडेपासून ४० सेंमीवर गेली की ओढ अर्ध्यावर येते आणि ती चौघांत वाटली जाते.

स्क्रूसाठी एएसीला चालणारी लांब नायलॉनची फ्रेम गिट्टी घ्या, १० मिमी जाड, १२० मिमी लांब, सोबत तिचाच स्क्रू. पाकिटावर एएसीचा उल्लेख आणि त्यासाठीचा भार दोन्ही छापलेले हवेत. १२० पैकी १८ प्लायमध्ये, १२ प्लास्टरमध्ये, ९० ब्लॉकमध्ये. भोक गिट्टीपेक्षा १० मिमी खोल घ्या. भिंत १५० ची आहे, पलीकडे ३८ मिमी शिल्लक राहतात, तेव्हा बिटला टेप गुंडाळून खोलीची खूण कराच. हॅमर पूर्ण बंद. हॅमरने भोक आत रुंद होतं, पलीकडचं प्लास्टरही उडतं. भुकटी पंपाने किंवा ब्लोअरने काढा, भुकटीत बसलेली गिट्टी धरत नाही. शेवटचे आटे हाताने. स्क्रू घट्ट होऊन पुन्हा सैल फिरायला लागला तर ते भोक गेलं, दुसरं दोन-तीन इंच बाजूला घ्या. सगळ्यात खात्रीचं हवं असेल तर आरपार बोल्ट आणि पलीकडून लोखंडी पट्टी, पण ती पलीकडच्या खोलीत दिसणार.

ब्रॅकेट प्लायला लाकडाच्या स्क्रूने धरू नका. प्लाय भिंतीवर चढवण्याआधी मागून टी-नट (लाकडात ठोकून बसवायचे टोपीवाले नट) ठोका आणि पुढून ८ मिमीचे बोल्ट. टी-नटची टोपी मागे उंच राहिली तर प्लाय भिंतीला टेकणार नाही, तेवढी जागा खोदून घ्या.

विटेची भिंत असणाऱ्यांसाठी: १० मिमीची गिट्टी, ८ मिमीचा स्क्रू, विटेत किमान ५० मिमी आणि सांध्याच्या मसाल्यात भोक नको. जिप्सममध्ये आतल्या उभ्या पट्ट्या शोधा, नुसत्या बोर्डवर हाताचा ब्रॅकेट लावूच नका.

तारजोड

वायरींचं. झिरी मारणारच आहात तर टीव्हीमागून युनिटच्या मागपर्यंत ५० मिमीचा पाइप टाका. २५ चा पुरेल असं सांगतील, पण एचडीएमआयचं डोकंच २० मिमीच्या आसपास रुंद असतं, वळणावर अडकलं की केबल खेचून तुटते. काटकोनी एल्बो नको, लांब वळण द्या. आत नायलॉनची दोरी सोडून ठेवा. एएसीत आडवी झिरी टाळा, उभीच मारा, आणि १२५ च्या ब्लॉकमध्ये ५० चा पाइप म्हणजे बरंच खोदकाम. ते नको असेल तर २५ मिमी जाडीचा चपटा केसिंग पट्टा भिंतीच्या रंगात रंगवा, खाली ३० सेंमीच तर दिसणार आहे.

विजेची वायर वेगळ्या पाइपमधून. टीव्हीची लवचिक कॉर्ड भिंतीत गाडायची नाही, सॉकेटच वर घ्या. सॉकेट प्लायच्या बाहेर हवं. प्लाय ६० रुंद, म्हणजे मध्यापासून ३० पर्यंत जागा गेली. मध्यापासून ४० सेंमीवर, टीव्हीची पॉवर कॉर्ड ज्या बाजूला आहे तिकडे घ्या. हात मिटल्यावर मागे किती जागा राहते ते ब्रॅकेटच्या चित्रात बघा. सॉकेट आत बसवलेलं किंवा प्लग चपटा नसेल तर टीव्ही प्लगवर टेकून तिरका राहतो.

फोरके ६० फ्रेमसाठी साधी एचडीएमआय ५ मीटरपर्यंत ठीक. त्यापुढे फायबरवाली घ्या, तिला दिशा असते, टीव्हीचं टोक टीव्हीकडेच. साउंडबार टीव्हीच्या ईएआरसी लिहिलेल्या एचडीएमआय पोर्टला, टीव्हीचा आवाज तिथूनच बाहेर जातो. पाइपमध्ये एक लॅन केबलही ओढून ठेवा. बऱ्याच टीव्हींचं पोर्ट १०० एमबीपीएसचंच असतं, पण फोरके स्ट्रीमिंगला २५ च्या आसपास लागतात, तेव्हा पुरतं. वळणाऱ्या हातावर प्रत्येक केबलला ४०-५० सेंमी ढील द्या आणि टीव्ही पूर्ण बाहेर काढून, दोन्हीकडे वळवूनच केबलच्या पट्ट्या बांधा.

ओळंबा

टीव्हीला पट्ट्या लावतानाचं राहिलं. भोक किती खोल आहे ते पेनाच्या रिफिलने मोजा. स्क्रू त्यात सहा-सात आटे फिरला पाहिजे, पण तळाला भिडता कामा नये. लांब स्क्रू आत बोर्डवर किंवा थेट पॅनलवर दाबतो आणि पडद्यावर डाग उमटतो. भोकं आत दबलेली असतील तर लांब स्क्रू आणि मधे स्पेसर. ड्रिलने आवळू नका, हातानेच. काम करताना टीव्ही उभाच ठेवा, पातळ पॅनल पालथं घालायला टीव्हीची पुस्तिका परवानगी देत असेल तरच.

उचलायला दोघं, खालच्या कडेला आणि बाजूंना धरून, बोटं काचेवर नकोत. अडकवल्यावर खालचे लॉक स्क्रू आधी, मग हात बाहेर काढा. बाहेर काढल्यावर एक कोपरा ५-१० मिमी खाली आलेला दिसेल. हाताच्या सांध्यांतल्या ढिलाईचा तो परिणाम असतो, भिंतीचा दोष नव्हे. त्यासाठी ब्रॅकेटवर लेव्हलचे दोन स्क्रू दिलेले असतात. पाणसळ टीव्हीच्या वरच्या कडेवर ठेवून, नेहमी बघायच्या जागी हात असताना ते जुळवा.

सरळरेघ

प्लाय भिंतीच्याच रंगात रंगवला तर चालेल ना? आणि प्लायमागे प्लास्टर थोडं उंचसखल आहे.

गिट्टीवाला

रंगवा, कडांनाही रंग द्या. उंचसखल जागी प्लाय आवळून बसवायला जाऊ नका, तो वाकतो आणि ब्रॅकेट तिरका होतो. सरळ पट्टी लावून बघा, ३ मिमीपर्यंत फट असेल तर स्क्रूच्या जागी पातळ प्लास्टिकच्या चकत्या द्या. त्याहून जास्त असेल तर रंगाऱ्याकडून आधी तेवढी जागा पुट्टीने सपाट करून घ्या आणि पूर्ण वाळल्यावरच भोकं मारा.