बुजरं मांजर तुमच्या घरी कसं रुळलं? लिहा इथे

रानजाई
वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे काल एक भाटी आली. लेकीने गोदामातून सोडवून आणलेली. आली तशी दिवाणाखाली शिरली ती तिथेच. मी गेले तेव्हा काकू ओणव्या होऊन झाडूच्या दांड्याने तिला बाहेर काढत होत्या. "उपाशी मरेल गं ती," म्हणाल्या, डोळ्यांत पाणी. तो दांडा बघितला आणि मला आमची ठमी आठवली.

ठमी मोठी होऊनच आमच्याकडे आली. नसबंदी झालेली, म्हणून कानाचं टोक छाटलेलं. पिल्लू दोन ते सात आठवड्यांचं असताना माणसाची सवय सहज लागते. हिला त्या वयात माणूस म्हणजे दगड मारणारा, एवढंच माहीत. फ्रिजमागे बसायची. कुकरची शिट्टी झाली की अजून आत.

पुढचं सगळं सासूबाईंनी केलं. मागची छोटी खोली ठमीसाठी रिकामी केली. रात्री घर शांत झाल्यावर तिथे सुकट ठेवली, ती आपण होऊन गेली, मग दार लोटून घेतलं. एका कोपऱ्यात लिटरचा (शी-शूच्या वाळूचा) ट्रे, खाणं-पाणी पार दुसऱ्या टोकाला. मध्ये पुठ्ठ्याचं खोकं, दोन बाजूंना भोकं पाडलेलं. एकीकडून कुणी आलं तर दुसरीकडून निघता यावं म्हणून. आत त्यांचं जुनं सुती पातळ. आणि रोज दुपारी त्या तिथे तिच्याकडे पाठ करून जमिनीवर बसायच्या, तांदूळ निवडायच्या. हाक नाही, बघणं नाही. स्वतःशीच भाजीवाल्याच्या तक्रारी पुटपुटायच्या. ठमी आधी खोक्यातून डोकं काढून बसायला लागली, मग सुपाशेजारी, मग एक दिवस सुपातच.

नंतर कळलं की उट्रेक्ट विद्यापीठाने २०१४ मध्ये हेच तपासलं होतं. निवाऱ्यात आलेल्या मांजरांना लपायला खोकं दिलं तर ती लवकर सावरतात. काकूंना म्हटलं, दांडा ठेवा, खोकं आणा. तुमचेही अनुभव लिहा, मी त्यांना वाचून दाखवणार आहे.

कोथिंबीरवडी
सासूबाईंना माझा नमस्कार सांग!! सुपातलं मांजर डोळ्यांसमोर आलं अगदी

मुळाकाठ
आमचा बोका माळ्यावर. जुन्या गाद्यांच्या मागे. रात्री दोनला खाली यायचा, खायचा, परत वर. नवऱ्याने ऑफिसचं काम रात्री हॉलमध्ये दिवा मंद करून करायला सुरुवात केली. नुसतं तिथे असायचं. बोका लांब बसून बघायचा, नवरा डोळे हळूच मिटायचा, हळूच उघडायचा. ससेक्स विद्यापीठाने २०२० मध्ये यावर प्रयोग केलाय, अनोळखी माणसानेही असे डोळे मिटले तर मांजर हाताजवळ यायची शक्यता वाढते. टक लावून बघणं त्यांना धमकी वाटते. आता तो फक्त ह्यांच्याच मांडीवर बसतो, मला विचारत नाही

कोथिंबीरवडी
@मुळाकाठ आमच्याकडेही तसंच! खायला मी घालते, लाड बाबांकडे

गुरांचा_डॉक्टर
काकूंसाठी महत्त्वाचं. लपलेलं असू दे, काळजी नको. पण खाल्लंय का हे रोज बघा. वाटीतलं अन्न मोजून ठेवा, सकाळी किती उरलं बघा. पूर्ण एक दिवस तोंडात काही गेलं नाही तर डॉक्टरांना फोन करा, दोन-तीन दिवस थांबू नका. मांजर उपाशी राहिलं की अंगातली चरबी यकृतात साठते आणि यकृत बिघडतं, जाडं मांजर असेल तर धोका जास्त. दुसरं, बोका ट्रेमध्ये सारखा बसतोय आणि लघवी होत नाहीये तर त्याच दिवशी न्यायचं, रात्र असली तरी. आणि कुणीही घरातलं पॅरासिटामॉल देऊ नका. ताप आलाय वाटतं म्हणून लोक अर्धी गोळी देतात. एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेते.

रानजाई
@गुरांचा_डॉक्टर दादा, धन्यवाद. आत्ताच काकूंना फोन केला. रात्री वाटी रिकामी झाली होती आणि ट्रेही वापरलाय. दांडा परत मोरीत गेला!

हळदीकुंकू
फरशी पुसायला फिनेल चालतं का? आमच्या मावशी फिनेलशिवाय पुसतच नाहीत. बाल्कनीतली मांजरी परवापासून आत यायला लागलीये

गुरांचा_डॉक्टर
नको. फिनेलमधली द्रव्यं मांजराच्या यकृताला पचवता येत नाहीत. ते ओल्या फरशीवर चालतात आणि मग पंजे चाटतात. साध्या पाण्याने, फार तर थोड्या साबणाने पुसा. कपाटातल्या डांबराच्या गोळ्याही काढा. आणि लिलीची फुलं घरात आणू नका, मूत्रपिंड जातात. मोगऱ्याचं काही नाही.

हळदीकुंकू
मावशींना सांगितलं. म्हणाल्या, ताई, वास आला नाही तर पुसल्यासारखं वाटत नाही. शेवटी त्यांनाच मांजरीला खायला घालायचं काम दिलंय, आता त्याच फिनेलच्या बाटलीला हात लावू देत नाहीत कुणाला

समुद्रपक्षी
आमच्या आजोळी, मालवणकडे, भाटी व्याली की आजी म्हणायची, सात घरं फिरवल्याशिवाय पिल्लं एका जागी ठेवायची नाही. खरंच ती पिल्लं मानेला धरून नेत राहायची, कोठीतून गोठ्यात, गोठ्यातून माळ्यावर. आजी कधीच पिल्लांना हात लावायची नाही, "तिची ती बघील." तेच बुजऱ्या मांजरालाही लागू. जागा त्यालाच निवडू द्यावी. आजीची आठवण आली फार. बांगड्याचं तिखलं केलं की भाटी चुलीपुढे यायची

कोथिंबीरवडी
तिखल्याची कृती टाका ना समुद्रपक्षी काका 🙏

समुद्रपक्षी
टाकतो रात्री. त्रिफळं असतील तरच कर.

राइनकाठी
मी जर्मनीत. इथल्या निवाऱ्यातून मांजर घ्यायचं तर आधी माणसं घर बघायला येतात, मग करार, वर थोडी फी. घरात राहणारं मांजर सहसा एकटं देत नाहीत, जोडीनेच देतात. आम्ही एक मागायला गेलो आणि दोन भाऊ घेऊन आलो. एक धीट, एक सोफ्याखाली. धीट्याने आमच्या हातून खाल्लेलं बघून दुसरा शिकला. आमच्याकडून शिकला नसता. त्यांच्याशी मराठीत बोलायचो, नवऱ्याचं म्हणणं होतं जर्मन ऐकून आलेत, घाबरतील. काही नाही, "ये रे बाळा" छान कळतं त्यांना

अंगणवेल
घरात आधीचं मांजर असेल तर? आमची म्हातारी मनी नवीन पिल्लावर नुसती फिसकारते, दार बंद असलं तरी

मुळाकाठ
दार बंदच ठेव ताई. दोघांची अंथरुणं अदलाबदल कर, नव्याखालचं फडकं मनीजवळ, मनीचं तिकडे. दाराच्या दोन बाजूंना एकाच वेळी खायला दे, वाट्या हळूहळू दाराजवळ आण. फिसकारू दे, ते बोलणंच आहे त्यांचं. आणि नव्याच्या लसी झाल्यात ना? पॅनल्यूकोपेनिया या मांजरांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू घरात महिनोन्महिने टिकतो, मनीचीही लस बघ एकदा

अंगणवेल
हो, दोघींच्या झाल्यात. वास बदलायचं माहीत नव्हतं, आजच करते

सोनटक्का
वाचतेय सगळं. आमची चिऊ गेली गेल्या महिन्यात. तीही अशीच, वर्षभर पलंगाखालची. शेवटी आजारात मात्र माझ्या कुशीतून हलली नाही. एवढंच लिहायचं होतं

रानजाई
सोनटक्का ताई 🫂 तुमच्या कुशीत गेली ती. खूप केलंत तिच्यासाठी.

हळदीकुंकू
❤️

पुरणयंत्र
आमचं घर शाकाहारी, अंडंसुद्धा येत नाही. लेकीने मांजर आणलं तेव्हा आईने दूधभात ठेवला. खाल्ला पण पोट बिघडलं, मोठ्या मांजरांना दूध बहुधा पचत नाही. डॉक्टरांनी आईला समजावलं, मांजराला टॉरिन नावाचं पोषकद्रव्य लागतं, ते मांसातूनच मिळतं, नाही मिळालं तर डोळे आणि हृदय जातं. आई दोन दिवस गप्प होती. मग स्वतःच म्हणाली, बाल्कनीत वेगळी ताटली ठेव, त्याचा धर्म त्याला. आता सुकं खाणं तीच घालते, पदर नाकाला लावून. मांजर आईच्या पायात घोटाळत असतं दिवसभर. इतकं प्रेम आमच्यावर नाही त्याचं

कोथिंबीरवडी
"त्याचा धर्म त्याला" ❤️ आईंना दंडवत

अंगणवेल
दिवाळीचं काय करता सगळे? फटाके सुरू झाले की नवीन पिल्लू काय करेल देव जाणे

मुळाकाठ
आतली खोली, खिडक्या बंद, पडदे, पंखा फुल स्पीडला, टीव्ही चालू. खोकं तिथेच. आणि संध्याकाळ व्हायच्या आत घराची दारं लावा, घाबरलेलं मांजर बाहेर पळालं तर सापडत नाही. आत्तापासूनच त्या खोलीत खायला द्यायला सुरुवात कर म्हणजे दिवाळीत जागा नवी वाटणार नाही

पुरणयंत्र
बाल्कनीला कबुतरांची नायलॉनची जाळी आहे आमच्या, चालेल का?

गुरांचा_डॉक्टर
मांजर नायलॉन कुरतडतं. स्टीलची लावा, चौथा मजला असला तरी. वरून पडलेली मांजरं दर महिन्याला येतात माझ्याकडे.

पुरणयंत्र
आमचा सातवा. उद्याच माणूस बोलावते. कुणाला ठाण्यात चांगला जाळीवाला माहीत आहे का?

समुद्रपक्षी
ठाण्यात माझा मेहुणा आहे, विचारून सांगतो. तिखल्याची कृती पाकृ विभागात टाकली आहे, त्रिफळं शेवटी घालायची, वाटायची नाहीत.

कोथिंबीरवडी
बघितली काका! बांगडे नाहीत, सुरमई चालेल?