वृद्धाश्रमात आजी पडली, तक्रार कुठे करायची?

देवगडचा_बाळू: आमची आजी रत्नागिरीजवळ एका वृद्धाश्रमात आहे, दर महिन्याला पैसे भरतो, रात्री बाथरूममधे पडली आणि ह्यांचा फोन दुसऱ्या दिवशी दुपारी, खुबा मोडलाय. मालक म्हणतो फॉर्मवर सही केलीय, आमची जबाबदारी नाय. खरंच काय करता येत नाही का?

खाडीकाठ: सहीने निष्काळजीपणा माफ होत नाही हो. पैसे घेतात ना, मग तुम्ही ग्राहक. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यातल्या ग्राहक आयोगात तक्रार चालते, म्हणजे सिंधुदुर्गातच, रत्नागिरीला खेपा नकोत. मुदत 2 वर्षं. भरलेले पैसे 5 लाखांच्या आत असतील तर तक्रारीला शुल्कच नाही. पावत्या, एक्स-रे जपा आणि त्यांच्या रजिस्टरची कॉपी आत्ताच लेखी मागा, नंतर पानं बदलतात (बघितलंय मी).

चिपळूणकर७: फुकट आश्रम असता तर आयोग जमला नसता, दिवाणी कोर्ट. पोलिसांतही द्या, भारतीय न्याय संहितेचं कलम 125 (निष्काळजीपणाने दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणं).

देवगडचा_बाळू: पण आजी अजून तिथेच आहे, तिच्यावर राग काढला तर?

खाडीकाठ: मग आधी तिला हलवा, नोटीस नंतर.